मेबलचं चाक आणि रॉनची खोटी पट्टी

मी सुतार आहे. मेलबर्नच्या मराठी मंडळात हे वाक्य मी कितीतरी वर्षं म्हणते आहे आणि अजूनही समोरचा माणूस आधी हसतो, मग माझ्या नवऱ्याकडे बघतो. शिरीष आयटीतला. तो बिचारा लगेच सारवासारव करतो, की म्हणजे ती अँटिक फर्निचर रिस्टोर करते. मग समोरच्याचा जीव भांड्यात पडतो. अँटिक म्हटलं की सुताराची कलाकार होते ना! मला त्याचा रागच येतो. अहो, मी दिवसभर रंधा मारते, सरस शिजवते, नखांत भुसा घेऊन घरी येते. याला सुतारकाम म्हणतात.

नवं बनवणं हे माझं काम नाही, एवढाच काय तो फरक. शंभर वर्षांचं कपाट येतं, पाय मोडलेला, वाळवीने एक बाजू पोखरलेली. ते असं दुरुस्त करायचं की दुरुस्त केलंय हे कुणाला कळता कामा नये. त्याच जातीचं, त्याच वयाचं लाकूड शोधायचं, रेषेला रेष जुळवायची, जुन्या सुताराने जिथे हात तिरका मारलाय तिथे आपणही तिरकाच मारायचा. त्याच्यापेक्षा शहाणं व्हायचं नाही. गिऱ्हाइकाने कपाटाभोवती फिरून विचारलं, की यात तू नेमकं काय केलंस, तर ती आमच्या धंद्यातली सगळ्यात मोठी शाबासकी.

सुरुवात झाली ती हार्ड रबिशमधून. इथे कौन्सिल वर्षातून कधीतरी सांगते, की मोठं सामान रस्त्याच्या कडेला ठेवा, आम्ही उचलतो. पुण्याहून येऊन थोडेच दिवस झाले होते. शेजारच्या गल्लीत एक तीन पायांची खुर्ची पडली होती आणि तिच्या पाठीवर इतकं सुरेख कोरीवकाम होतं की मी ती काखोटीला मारून घरी आणली. शिरीषचा चेहरा पाहण्यासारखा होता. लोकांनी रस्त्यावर टाकलेलं घरात आणायचं, आपल्याला कुणी पाहिलं तर, वगैरे वगैरे. त्याच खुर्चीचा चौथा पाय करायला शिकावं म्हणून मी कॉलेजात नाव घातलं. आज शिरीष त्याच खुर्चीवर बसून मीटिंगा घेतो, आणि पाहुण्यांना ती “आमची” अँटिक चेअर म्हणून दाखवतो.

आपल्या लोकांना जुनं फर्निचर आवडत नाही, हे मी आता मान्य करून टाकलंय. “कोण कोण बसलं असेल त्यावर!” हे मी इतक्यांदा ऐकलंय की मोजणं सोडलं. मेलबर्नच्या पश्चिमेला ट्रुगानिनात माझं वर्कशॉप आहे, आजूबाजूला सगळी नवी घरं आणि घराघरात आपली माणसं, पण गिऱ्हाइकं मात्र येतात लांबून. एकदा तिथल्याच एका हौशी गृहस्थांनी लिहायचं जुनं टेबल आणलं. म्हणाले, असं चकाचक करा की सनमायका वाटलं पाहिजे. मी त्यांना चहा पाजला आणि हात जोडले. म्हटलं, सनमायकाच लावून घ्या, टेबलाचे आणि माझे दोघांचेही हाल वाचतील.

मग आला कोविड. सगळे म्हणाले, आता तुझा धंदा बसला. झालं उलटंच. सगळं मेलबर्न घरी बसलं, आणि बसलं कशावर, तर आजीच्या डायनिंगच्या खुर्च्यांवर. ज्या खुर्च्यांनी जन्मभर फक्त ख्रिसमसचं जेवण पाहिलं होतं, त्यांच्यावर लोक सकाळपासून संध्याकाळपर्यंत लॅपटॉप घेऊन रेलायला लागले. मागच्या दोन पायांवर झोके घ्यायला लागले. कडाकड मोडल्या बिचाऱ्या. माणसं तोंडाला मास्क लावून यायची, खुर्ची दाराशी ठेवायची, लांब उभी राहून हात करायची आणि जायची. एक बाई तर खुर्चीला चिठ्ठी बांधून गेली, की नवरा विचारेल तर सांग आधीच मोडकी होती.

पुढे लॉकडाऊन कडक झाला. घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही. पॉइंट कुकचं आमचं घर आणि ट्रुगानिनाचं वर्कशॉप यांत त्याहून जास्त अंतर, त्यामुळे मी बाकडं, हत्यारं, सरसाचं भांडं, सगळं उचलून घरच्या गराजमध्ये आणलं. शिरीषची गाडी बाहेर उन्हात गेली. रोज सकाळी तो खिडकीतून तिच्याकडे बघायचा.

त्याच गराजमध्ये एका दुपारी डेसचा फोन आला.

डेस म्हणजे गिप्सलँडच्या डोंगरात एकटा राहणारा म्हातारा, ऐंशीच्या पुढचा, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. नोकरी सगळी पोस्टमनची. तो माझ्याकडे पहिल्यांदा आला होता एक ब्लॅकवुडचं कपाट घेऊन. खाली दारं, वर बशा मांडायच्या फळ्या, असं स्वयंपाकघरातलं. त्याच्या आईवडिलांच्या लग्नात करवतीच्या गिरणीतल्या सुताराने ते बनवून दिलेलं. मी साधना, पण पहिल्याच भेटीत त्याने माझं सॅडी करून टाकलं. कपाट दुरुस्त करून दिलं तेव्हा तो त्यावरून हात फिरवत म्हणाला, की हे लाकूड डोंगरातून खाली कुणी आणलं ते तू पाहायला हवंस. मला वाटलं, असेल कुणी बैलगाडीवाला. तर ती होती मेबल.

मेबल म्हणजे वाफेचं इंजिन. पण आपल्या डोळ्यांसमोर येतं तसं नव्हे. जंगलात झाडं तोडायची आणि ओंडके गिरणीपर्यंत उतरवायचे, एवढ्यासाठी ही इंजिनं असत. बुटकी, ठेंगणी, एका बाजूला जड, दिसायला अगदी बेंगरूळ. वाफेच्या जोराने एक लांब दांडा फिरतो आणि दात्यांच्या चाकांमधून तो जोर खालच्या प्रत्येक चाकाला पोचतो. म्हणून ती उभ्या चढावर चढते, वाकड्यातिकड्या रुळांवर, वेळ पडली तर नुसत्या लाकडी रुळांवरही चालते. पण चालते म्हणजे चालतेच, माणसाच्या चालीने. डेसचे वडील तिचे ड्रायव्हर होते. हा पोरगा असताना त्यांचा डबा पोचवायला जायचा आणि मग गिरणीपर्यंत तिच्या बाजूने चालत यायचा, रुळांना लागून, एक हात तिच्या गरम पत्र्याजवळ ठेवून.

गिरणी बंद पडली, मेबल जंगलात गंजत पडली. डेसने आणि त्याचा मित्र रॉनने तिला तिथून काढून डेसच्या शेडमध्ये आणली आणि अर्धं आयुष्य तिच्यात घातलं. लॉकडाऊनच्या आधी मी ती पाहिली तेव्हा, खरं सांगते, प्रेमात पडले. मी लाकडाची माणूस, लोखंडात मला काय कळतंय? पण त्या दोघांनी तिला माझ्याच पद्धतीने दुरुस्त केलं होतं. जुनी ठिगळं तशीच ठेवून, जुन्या माणसांचा मान राखून. बॉयलर तपासून पास झाला होता. राहिलं होतं एकच काम: दात्यांचं एक चाक तडकलेलं होतं. ते नवं ओतून घ्यायचं होतं, आणि त्यासाठी लागतो पॅटर्न. म्हणजे त्या चाकाचा लाकडी नमुना. तो ओल्या वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा, आणि उरलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. पॅटर्न करणारा होता रॉन.

त्या दुपारी डेसने फोनवर सांगितलं, की रॉन गेला. हृदयविकाराने. अंत्यविधीला मोजकी माणसं, बाकीच्यांनी स्क्रीनवर पाहायचं. आणि डेसला तर डोळ्यांच्या दुखण्यामुळे स्क्रीनवरचं धड दिसतही नव्हतं. हे सगळं तो हवामान सांगावं तसं सांगत होता. मग म्हणाला,

“सॅडी, लाकडाचं चाक करशील?”

मी नाही म्हटलं. माझा धंदा तो नाही, हे समजावून सांगितलं. त्यावर त्याने मला उरलेलं सांगितलं. त्याची मुलगी हेलन टूवूंबाच्या हॉस्पिटलात नर्स. क्वीन्सलँडची हद्द बंद होती म्हणून, नाहीतर ती त्याला केव्हाच घेऊन गेली असती. हद्द उघडली की त्याला जायचंच होतं. डोळे जात चाललेले, एकट्याने राहणं शक्य नाही, हे त्यालाही पटत होतं. घर विकायचं ठरलं होतं. प्रश्न मेबलचा होता. तिथून जवळच जुन्या आगगाड्या चालवणाऱ्या हौशी मंडळींची एक संस्था आहे. ते म्हणत होते, स्वतःच्या पायाने शेडबाहेर आली तर आम्ही घेतो, डोंगरातल्या रुळांवर चालवतो. बंद इंजिनं आमच्याकडे आधीच ढिगाने आहेत. नाहीच चालली, तर गावच्या स्विमिंग पूलशेजारच्या बागेत रंग देऊन, कुंपण घालून उभी करणार.

“पुतळा होईल तिचा,” डेस म्हणाला. “कबुतरं बसतील.”

मग मी काय म्हणणार? हो म्हटलं.

कुरियरने एक जडशीळ खोकं आलं. मेबलला तसलीच आणखी चाकं आहेत, त्यांतलं एक चांगलं चाक सोडवून डेसने नमुना म्हणून पाठवलं होतं. सोबत रॉनच्या बायकोने दिलेली त्याची थोडी हत्यारं: साध्या आणि गोल पात्याच्या पटाश्या, आणि एक बॉक्सवुडची जुनी फूटपट्टी. पट्टीवर काहीतरी कोरलेलं होतं, पण हाताळून हाताळून पुसट झालेलं. मी सवयीने ती माझ्या स्टीलच्या पट्टीला लावून पाहिली. फुटामागे जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची चूक! मला हसूच आलं. म्हटलं, एवढा मोठा कारागीर आणि असली खोटी पट्टी वापरत होता? लाकूड म्हातारपणी फुगलं असेल. मी ती पट्टी खिळ्याला टांगून ठेवली आणि माझ्या स्टीलच्या पट्टीने, मिलिमीटरचाही भाग पकडून, ते चाक हुबेहूब उतरवायला बसले.

काय सांगू, किती मजा आली! बाहेर सगळं ठप्प, रस्त्यावर चिटपाखरू नाही, रोज संध्याकाळी बातम्यांत आकडे, आणि मी गराजमध्ये एकेक दाता कोरते आहे. डेस दिवसाआड व्हिडिओ कॉल करायचा. त्याला फोन कसा धरायचा हे कळत नसल्यामुळे मला कधी त्याचं छत दिसायचं, कधी कान. मी त्या कानाशी बोलायचे. तो मला मेबलच्या गोष्टी सांगायचा. मी त्याला सांगितलं, की पॅटर्नवर जे शेलॅक लावायचं ते म्हणजे आपली लाख. झाडावरच्या किड्यांची, आमच्याकडची, आमच्याकडे तिच्या बांगड्या करतात. हे त्याला माहीत नव्हतं. म्हणाला, म्हणजे या घरातल्या सगळ्या फर्निचरला तुमच्याकडचं पॉलिश आहे होय!

याच सुमारास हेलनचा फोन आला. मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. आवाज दमलेला, शिफ्टवरून आलेल्या माणसाचा. आधी तिने माझे आभार मानले आणि मग म्हणाली, की गेल्या आठवड्यात डॅड शेडमध्ये पडला, हात खरचटला, मला सांगितलंसुद्धा नाही, शेजारणीने सांगितलं. तो त्या इंजिनापायी तिथे थांबलाय. हद्द उघडली तरी काहीतरी कारण काढून थांबेल.

“मी रोज हॉस्पिटलात लोकांना खोटी आशा न देता बोलायला शिकले आहे,” ती म्हणाली. “प्लीज, तूही त्याला देऊ नकोस.”

मला राग आला आणि तिचं म्हणणं खरंही वाटलं, दोन्ही एकदम. माझी आई पुण्यात एकटी होती आणि विमानं बंद होती. लांबच्या म्हाताऱ्या माणसाची काळजी कशी पोखरते हे मला कुणी सांगायला नको होतं. मी हेलनला म्हटलं, आशेचं मला माहीत नाही, चाक मात्र खरं देईन. आता आठवलं की त्या वाक्याची लाजच वाटते.

पॅटर्न लोखंड ओतणाऱ्या, घराजवळच्याच फाउंड्रीत गेला. एरवी फाउंड्रीवाल्याने तो हातात घेऊन उलटसुलट केला असता, चार प्रश्न विचारले असते. पण तेव्हा खोकं फाटकाशी ठेवायचं आणि निघून यायचं, असा नियम. त्यांनी ओतलं आणि थेट डेसकडे पाठवलं. संस्थेच्या फिटरने चाक बसवलं, दांडा हाताने फिरवून पाहिला, आणि डेसने फोन तिथे धरला. फेरीगणिक एक आवाज येत होता. टक. टक. टक. दात्यात दाता बसत नव्हता. चाक लहान झालं होतं.

मी ते नमुन्याचं चाक पुन्हा मोजलं, माझी मापं पुन्हा तपासली. कुठेही चूक नाही. डेस मला समजावत होता, की जाऊ दे लव्ह, नो वरीज. पण आवाज उतरलेला. त्यालाही काही कळत नव्हतं. इतकी वर्षं पॅटर्न रॉन करायचा आणि हा पुढचं सगळं बघायचा. रॉन ते कसं करतो हे विचारायची वेळच कधी आली नव्हती. आम्ही दोघंही आपापल्या जागी बसून राहिलो. आणि तेवढ्यात बातमी आली, की डिसेंबरात क्वीन्सलँडची हद्द उघडणार.

रात्री जेवताना मी इतकी गप्प होते की शिरीष घाबरला. त्याने परस्पर कोल्हापूरला मामांना फोन लावला. शिरीषच्या मामांची कोल्हापुरात फाउंड्री. ती तेव्हा बंद होती, मामा घरात कोंडलेले, आणि कंटाळून त्यांनी सगळ्या घराच्या नाकात दम आणलेला. मी मास्तरांना पेपर दाखवावा तसं त्यांना सगळं दाखवलं: चाक, पॅटर्न, माझी मापं. मामा चष्मा लावून बघत होते आणि मिश्यांतल्या मिश्यांत हसत होते. मग त्यांनी विचारलं, त्या मेलेल्या माणसाची पट्टीबिट्टी काही आली नाही का सोबत? मी म्हटलं, आलीय, पण ती खोटी आहे. खिळ्यावरून काढून कॅमेऱ्यासमोर धरली, माझी स्टीलची पट्टी बाजूला लावून.

“सूनबाई,” मामा म्हणाले, “ती खोटी न्हाई. ती शहाणी हाय. लोखंड थंड झालं की आकसतंय. तेवढं आधीच धरून ठेवलंय तिनं.”

मी कपाळावर हात मारला. पॅटर्नवाल्यांची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा इंच हा मुळातच अंमळ मोठा आखलेला असतो, म्हणजे हिशेब करत बसावं लागत नाही. त्या पट्टीने मोजून केलं की ओतल्यावर, निवल्यावर, बरोबर माप उतरतं. वेगळ्या धातूला वेगळी पट्टी. मामांकडे अशा कितीतरी होत्या, ते त्या आणून दाखवायला उठले आणि मामींनी त्यांना परत बसवलं. आणि मी! जे समोर आहे ते तसंच्या तसं उतरवायचं, त्यात आपल्या पदरचं काही घालायचं नाही, हे मला रक्तात भिनवलेलं. फर्निचरमध्ये ज्याच्या जोरावर मी नाव कमावलं, त्यानेच इथे मला तोंडघशी पाडलं. बरोबर उत्तर माझ्या डोळ्यांसमोर खिळ्याला टांगलेलं होतं, आणि मी त्याला हसले होते.

दुसऱ्या दिवशी डेसला फोन करून सगळं सांगितलं. तो खो खो हसत सुटला. रॉनची पट्टी एकदा त्याने किचनच्या फळीसाठी उसनी नेली होती. फळी लांब झाली, बसेना. रॉनला सांगितलं तर तो म्हणाला, तुझी भिंत आकसली असेल. हा इतकी वर्षं त्या भिंतीला दोष देत होता.

दुसरा पॅटर्न करणं हे माझ्या सगळ्या कामांतलं सगळ्यात अवघड काम. कौशल्याच्या दृष्टीने नव्हे. प्रत्येक माप घेताना हात आखडायचा. नमुन्याचं चाक बाजूला, आणि माझं जाणूनबुजून त्याहून मोठं होत चाललेलं. सारखं वाटायचं, चुकतंय, चुकतंय, पुसून टाकावं. मी स्टीलची पट्टी शिरीषकडे दिली आणि सांगितलं, काम संपेपर्यंत मला देऊ नकोस, मागितली तरी. त्याने ती गाडीत ठेवून गाडीला कुलूप लावलं. गाडी बाहेर उन्हात असल्याचा एवढाच उपयोग झाला, असं तो अजून म्हणतो. मामा संध्याकाळी कॉलवर येऊन बसायचे, डेसलाही घ्यायचे. एकाचं कोल्हापुरी इंग्लिश, दुसऱ्याचं गिप्सलँडचं, दोघांनाही एकमेकांचं निम्मं कळत नव्हतं आणि दोघंही तासन्‌तास बोलत होते. मामांनी सांगितलं म्हणून दात्यांना किंचित उतार दिला, वाळूतून निघताना कडा तुटू नये म्हणून. मग लाखेचे हात दिले, एकावर एक.

या वेळी फाउंड्रीच्या फाटकाशी खोकं ठेवून मी लगेच निघाले नाही. बाहेरूनच ओरडून सांगितलं, की हे आकसायचं धरून केलंय. आतून कुणीतरी अंगठा दाखवला. ते नवं चाक आणि मी परत पाठवलेलं नमुन्याचं चाक फिटरने बसवली; हाताने फिरवताना टक आला नाही, पण वाफेच्या जोरावर काय होईल ते कुणालाच माहीत नव्हतं.

हद्दी उघडल्या. आधी मेलबर्नच्या भोवतीची नाकाबंदी उठली, मग क्वीन्सलँडची हद्दही उघडली, आणि हेलन विमानाने येऊन पोचली. ठरलेल्या दिवशी शिरीष आणि मी भल्या पहाटे निघालो. इतक्या महिन्यांनी मोकळा रस्ता, डोंगर, ते उंचच उंच निलगिरीचे वृक्ष. मला रडूच आलं, आणि शिरीषने मुकाट्याने टिश्यूचा डबा पुढे केला. शेडबाहेर संस्थेची मोजकी माणसं मास्क लावून लांब लांब उभी होती. मेबलखाली पहाटेपासून जाळ होता. पाणी तापायला वेळ लागतो, तिला घाई करून चालत नाही. हेलन माझ्याजवळ आली. उंच, डोळ्यांखाली काळी वर्तुळं असलेली बाई. ती म्हणाली, आज नाही चालली तर त्याला आत तू नेशील, मला नाही जमणार. मी मान हलवली.

पुढचं सगळं आधी सांगून टाकते. डेस आता टूवूंबात मुलीकडे असतो. ते ब्लॅकवुडचं कपाट त्याच्यासोबत गेलं आणि तिथल्या किचनमध्ये मावावं म्हणून हेलनने फळी कापायची ठरवली होती. मी फोनवर अशी काही ओरडले की तिने भिंतच बदलली. मेबल रविवारी डोंगरातल्या रुळांवर चालते, पोरंटोरं बसतात. मामांची फाउंड्री पुन्हा सुरू झाली आणि मामी सुटल्या. रॉनची पट्टी डेसने मला देऊन टाकली. ती माझ्या बाकड्यावर स्टीलच्या पट्टीशेजारी असते, आणि मी दोन्ही वापरते, कारण माझ्याकडे आता वर्षाकाठी एखाददुसरा पॅटर्नही येतो. तो रॉनच्या गावचाच कुणीतरी पाठवतो.

पण त्या दिवशी हे काहीच माहीत नव्हतं. फिटरने आत चढून वाफ सोडायची मूठ ओढली. मेबलने एक मोठा सुस्कारा टाकला, पांढऱ्या वाफेत सगळे दिसेनासे झाले, आणि काही क्षण काहीच घडलं नाही. माझा हात शिरीषच्या दंडावर इतका घट्ट होता की नंतर तिथे वळ उमटले. त्याच्या दुसऱ्या हातात फोन, फोनमध्ये मामा. आणि मग ती हलली. दांडा फिरला, दात्यांची चाकं फिरली, आणि ते बेंगरूळ धूड सावकाश, अगदी सावकाश, स्वतःच्या पायाने शेडबाहेर उन्हात आलं.

डेस हेलनच्या हाताला धरून पुढे झाला. त्याला ती धूसर दिसत असणार, एक काळी सावली आणि वाफ. तरी त्याने हेलनचा हात सोडला, एक हात मेबलच्या पत्र्याजवळ नेला, आणि रुळांना लागून तिच्या बाजूने चालायला लागला. हेलन धावली नाही. ती मागून चालत राहिली, दोन्ही हात पुढे धरून, पण त्याला न धरता. मी दुसऱ्या बाजूने चालत होते आणि जिवाचा कान करून ऐकत होते. तो टक कुठे येतो का, आत्ता येईल, पुढच्या फेरीला येईल. येत नव्हता. चाकांची नुसती गुरगुर, एकसारखी.

आवाराच्या टोकाला मेबल थांबली. डेसने मला जवळ बोलावलं. तो वाकला, कान त्या चाकांच्या रांगेकडे नेला, एका चाकाकडे, मग दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे. मग मान वर करून, जिथे मी असेन असं त्याला वाटलं तिकडे बघून त्याने विचारलं,

“सॅडी, यातलं तुझं कुठलं?”